आजारी आणि बंदिवान

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात प्रभू येशू आजारी माणसाचा आणि बंदिवानाचा उल्लेख शेजारी शेजारी करतो. हे दोघे एकाच देहात भेटले, तर त्या देहाच्या उपचाराचा भार कोणी वाहावा?

‘बाहेर कष्टकरी गरीब औषधावाचून मरतो, मग चोराला सरकारी खर्चाने उपचार कशाला?’ असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतही ऐकू येतो. त्यामागील वेदना खरी आहे, तर्क मात्र खोटा आहे. बाहेरचा गरीब उसनवारी करून, शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन दवाखाना गाठू शकतो. कैद्याला तेवढीही मोकळीक नाही. न्यायालय शिक्षा देते ती स्वातंत्र्य हिरावण्याची. रोगाची शिक्षा कोणत्याही कायद्यात नाही. ज्या शासनाने त्याची पावले अडवली, त्यानेच त्याला रुग्णालयात न्यावे, हा साधा न्याय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनीही हेच सांगितले: समाजात उपलब्ध असलेल्या दर्जाचे उपचार कैद्याला विनामूल्य मिळावेत.

शिवाय ‘चोर’ म्हणावे तरी कोणाला? 2022 अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी असेच कच्चे कैदी होते. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर 2020 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, त्यांना रांचीत अटक झाली. कंपवाताने हात थरथरत; स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणूनही न्यायालयात अर्ज करावा लागला. तळोजा कारागृहात प्रकृती ढासळत गेली. 28 मे 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याचा आदेश दिला, तोही स्वखर्चाने. 5 जुलैला त्यांचे निधन झाले. खटला सुरूही झाला नव्हता. त्यांच्यामागे निदान संघ होता, वकील होते. ज्याच्यामागे कोणीच नाही, त्याचे काय?

नाताळात तुरुंगात जाऊन गीते गाणे, मिठाई वाटणे चांगलेच. परंतु आजारी कैद्याची रुग्णालयाची तारीख पोलीस पहाऱ्याअभावी हुकली का, हे अधीक्षकांना विनयाने विचारणे, ज्याला वकील नाही त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचवणे, हीही सेवाच आहे. त्या अध्यायात प्रभूने बंदिवानाचा गुन्हा विचारलेला नाही. तो विचारून मगच औषध द्यावे, हा अधिकार आपल्याला कोणी दिला?