त्या सहा तासांचे मोल

‘हृदय देणे’ हा आपल्या भाषेतला एक अलंकार. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात, तो शब्दशः खरा ठरला. आदल्या दिवशीच्या अपघातात डेनिस डार्व्हल या २५ वर्षांच्या तरुणीच्या मेंदूला जबर इजा झाली. तिची आई जागीच ठार झाली. त्याच रात्री डॉक्टरांनी तिच्या पित्यापुढे विनंती ठेवली आणि त्याने होकार दिला. डॉ. क्रिस्तियान बर्नार्ड यांनी ते हृदय लुई वॉशकान्स्की यांच्या छातीत बसविले. ते १८ दिवस जगले.

रोग्याचे रक्ताभिसरण यंत्राकडे सोपवून निकामी हृदय काढतात. थंड राखून आणलेले नवे हृदय त्या जागी शिवतात. साधारण चार तासांत त्यात पुन्हा रक्त खेळावे लागते. तोडलेले मज्जातंतू मात्र जोडता येत नाहीत. तरीही ते हृदय आपल्याच ठेक्याने चालते.

येथेच आम्ही अडखळतो. धडधड म्हणजे जीव, असे आपले वाडवडील मानीत आले. मग श्वासयंत्रावर ज्याचे हृदय अजून चालू आहे, त्याला मृत कोणी म्हणावे? एकाला वाचविण्याच्या घाईत दुसऱ्याला आपण लोटीत तर नाही ना?

मेंदूचा मृत्यू कसा ओळखावा, याचे निकष हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने १९६८ साली मांडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली, हे निकष काटेकोरपणे पाळल्यास त्यांत नैतिक बाध नाही, असे सांगितले. ‘काटेकोरपणे’ या शब्दावर आमचा भर आहे. भारतात १९९४च्या कायद्याने चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने, दोनदा तपासणी करावी असे ठरविले.

दुसरीकडे कोणी श्वास मोजीत वाट पाहत असतो. त्याच्या आप्तांना हे सहा तास निष्ठुर वाटतील. पण ते तास त्या रोग्याचे नाहीत, खाटेवर निश्चल पडलेल्या माणसाचे आहेत. तो कोणाच्या उपयोगाची वस्तू नव्हे, अखेरपर्यंत माणूसच आहे, याची ती साक्ष.

आप्तांच्या होकाराचेही तसेच. डार्व्हल पित्याला ‘नाही’ म्हणता येत होते, म्हणूनच त्याचे ‘होय’ दान ठरले. मागून घेतलेले दान असू शकते. गृहीत धरून घेतलेले नव्हे. अवयवदानाचा प्रचार आपण अवश्य करावा. मात्र अतिदक्षता विभागाच्या दाराशी रडणाऱ्या आईबापांना विचार करण्याइतका वेळही द्यावा. तो देणे, हेही दानच आहे.