सहकुटुंब, सहपरिवार खोटं

आमच्या नात्यातल्या वडीलधाऱ्यांच्या लेखी सिनेमाच्या दोनच जाती होत्या. एक ‘पोराबाळांना घेऊन बघण्यासारखा’ आणि दुसरी, आपण एकट्याने गुपचूप मॅटिनीला बघण्यासारखा. हृषीकेश मुखर्जींचा सिनेमा डोळे मिटून पहिल्या जातीत ढकलला जाई. डोळे मिटून म्हणजे अगदी शब्दशः. पडद्यावर काय चाललंय ते या मंडळींनी डोळे उघडून पाहिलं असतं, तर आम्हाला कानाला धरून बाहेर काढलं असतं.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, तसे हे सिनेमे घराला चालतात. मारामारी नाही, कॅबरे नाही, पावसात भिजणारी नायिका नाही. सगळं कसं सोवळ्यातलं. पण खिचडीत तूप किती आणि दाण्याचं कूट किती हे जसं आपण विचारत नाही, तसंच या सिनेमांतली माणसं दिवसाला किती वेळा खोटं बोलतात हेही कुणी मोजत नाही.

‘चुपके चुपके’ (१९७५) घ्या. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन बायकोच्या मेव्हण्याकडे राहतो, आणि या कटात जवळजवळ अख्खं खानदान सामील. कशासाठी? तर स्वतःला फार हुशार समजणाऱ्या एका गृहस्थांची जिरवायला! ‘बावर्ची’तला (१९७२) आचारी काही खरा आचारी नव्हे. ‘गोलमाल’चं (१९७९) तर विचारूच नका. आपला अमोल पालेकर त्यात नोकरीसाठी आखूड कुडता घालतो आणि खेळातलं ओ की ठो कळत नसल्याचं सोंग आणतो. मग आई आजारी असल्याची थाप मारून हॉकीच्या मॅचला जातो. तिथे साहेबांनाच दिसतो, म्हणून एक जुळा भाऊ पैदा करतो. भावाला मिशी नाही, सबब स्वतःला खोटी मिशी. आई तर कधीच वारलेली, तेव्हा तीही भाड्याने आणावी लागते. एका सुट्टीपायी माणूस एवढा संसार उभा करतो!

आमचा नातू आठ वर्षांचा असताना आम्ही हा सिनेमा घरी लावला होता. आम्ही मोठी माणसं हसून लोळत होतो. पोरगं गंभीर.

“आजोबा, ह्या काकांना शिक्षा का नाही झाली?”

“अरे, त्यांचा हेतू चांगला होता.”

“मग अभ्यास झाला असं मी सांगतो, तेव्हा माझा हेतू वाईट असतो?”

त्यावर मी त्याला पाणी आणायला पाठवलं. आपल्याकडे तत्त्वज्ञानाची पुष्कळशी चर्चा अशीच संपते.

प्रश्न मात्र बिनतोड होता. जर्मनीतल्या कांटने १७९७ साली असं लिहून ठेवलं, की मारेकरी दारात येऊन तुमचा मित्र आत आहे का म्हणून विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. या कांटला भवानीशंकरच्या कचेरीत मुलाखतीला पाठवायला हवा होता. चित्रांत तरी त्याला मिशी दिसत नाही. गेटवरूनच परत आला असता. आपल्याकडे धर्मराजाने एकदाच ‘नरो वा कुंजरो वा’ केलं, तर रथ जमिनीला टेकला. पालेकरला नोकरीच्या जोडीला मुलगीही मिळते. मग मुलांना हे दाखवावं की नाही?

दाखवावं, असं माझं मत आहे. फक्त ते मुलांसाठी आहे या समजुतीत मोठ्यांनी राहू नये. हृषीदांच्या सिनेमात खोटं आकाशातून पडत नाही, त्याला ठरलेला पत्ता असतो. भवानीशंकरला (काय उत्पल दत्त!) सत्य कुठे हवं होतं? त्याला हवी होती मिशी. ज्याला आपल्याच मताचा प्रतिध्वनी ऐकायचा असतो, त्याला लोक तो ऐकवतात. ‘खूबसूरत’मधली (१९८०) दीना पाठकची कडक गृहिणी काही दुष्ट नाही, घर तिच्याच शिस्तीवर चालतं. पण घरातला जो तो आपला आनंद तिच्यापासून चोरून ठेवतो. नवऱ्याने बागेतली हौससुद्धा लपवायची म्हणजे काय! आणि पुन्हा अशाच घरात अभिमानाने सांगतात, “आमच्याकडे कुणी काही लपवत नाही हं!” ज्या घरातून मी हे वाक्य ऐकलं, त्या घरातल्या मुलांची खरी प्रगतिपुस्तकं शेजाऱ्यांकडे असत.

आणि गंमत बघा, याच माणसाने १९६९ साली ‘सत्यकाम’ काढला होता. त्यातला इंजिनियर कुणाशीच खोटं बोलत नाही, साहेबाशी नाही, कंत्राटदाराशी नाही. नोकऱ्या जातात, तब्येत जाते. मरणाच्या दारात बायको-मुलासाठी म्हणून तो एका खोट्या कागदावर सही करतो. बायको तो कागद फाडून टाकते, आणि हा समाधानाने हसतो. धर्मेंद्रने एवढं चांगलं काम क्वचितच केलं असेल. सिनेमाने धंदा केला नाही. खोटं बोलणारा पालेकर मात्र अजून दर सुट्टीत टीव्हीवर भेटतो.

‘सत्यकाम’ सहकुटुंब जातीत बसत नाही, कारण त्यात एका बाईवर झालेला अन्याय आहे आणि तिचं मूल नवऱ्याचं नाही. सत्याचे भोक्ते आजोबासुद्धा त्या मुलाला दूर ठेवतात. बापाला अग्नी या पोराने का दिला नाही, हे चारचौघांत सांगताना ते अडखळतात आणि पोर खरं ते सांगून टाकतं. तिथे अशोककुमारचा चेहरा बघा. आजोबा झालेल्या प्रत्येकाने बघावा.

नातू आता चौदाचा आहे. परवा मी ‘सत्यकाम’ लावायला घेतला, तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

“कसला सिनेमा आहे हो, बाबा? मुलाने बघण्यासारखा आहे ना?”

“हृषीकेश मुखर्जींचा आहे,” मी म्हणालो.

“मग काय, बघा की!” म्हणत त्या आत गेल्या, आणि मी आवाज थोडा कमी केला.