आणखी एक वर्ष

रविवारी उपासनेला न येणारी माणसं आमच्या गावात दोन प्रकारची. काहींना देवाची गरज वाटत नाही आणि काहींना देवापुढं यायची लाज वाटते. पहिल्यांची काळजी पाळकसाहेब करतात. मला दुसऱ्यांविषयी लिहायचंय.

शेजारच्या वस्तीवरचा एक जण आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. कामाला वाघ, गळा गोड. नाताळात गायला उभा राहिला की म्हातारीकोतारीसुद्धा कान देऊन ऐकायची. दारू मात्र सुटत नव्हती. उपवासकाळात चाळीस दिवस सोडायचा आणि ईस्टर झाला की महिन्याभरात पुन्हा धरायचा. असं किती वर्षं चाललं. शेवटी त्यानं देवळात यायचंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, तीच माफी किती वेळा मागायची? प्रार्थना करताना माझा खोटेपणा मलाच ऐकू येतो. मी आपला लांबच बरा."

त्याचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. तीच चूक पुन्हा पुन्हा करणाऱ्यानं देवापुढं यावं ते कोणत्या तोंडानं? त्यापेक्षा लांब राहणं जास्त खरं नाही का?

माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला शेतकऱ्याला नीट कळतो. मालक तीन वर्षं फळ बघायला येतोय आणि झाडावर फळ नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? त्याचा हिशोब चुकीचा नाही. आपणही तेच केलं असतं. पण माळी मध्ये पडतो. एवढं एक वर्ष राहू द्या, म्हणतो, मी भोवतीनं खणतो, खत घालतो.

या गोष्टीत झाड काहीच ठरवत नाही. ठेवायचं की तोडायचं, ते मालक आणि माळी बघतात. आमचा शेजारी मात्र स्वतःवरच कुऱ्हाड उगारून उभा होता आणि त्याला ती नम्रता वाटत होती. देवानं न दिलेला निकाल आपणच देऊन मोकळं व्हायचं, याला नम्रता कसं म्हणावं?

लिंबोणीची बाग केलेल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. पानं पिवळी पडतात, गळतात. नवख्याला वाटतं, झाड गेलं. मग आळी खणायची, शेणखत घालायचं, पाणी सोडायचं. तेव्हा कुठं फूट येते आणि फुलं लागतात. खणताना बारीक मुळ्या तुटतातच. म्हणजे माळ्याची दया 'असू दे, चालायचंच' अशी नसते. ती मुळाला लागते.

पेत्राचं बघा. विस्तवाशी शेकत बसून त्यानं तीनदा सांगितलं, मी त्या माणसाला ओळखत नाही. पुढं सरोवराच्या काठी, पुन्हा विस्तवाजवळच, प्रभूनं त्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि लगेच काम दिलं, मेंढरं सांभाळायचं. तो पूर्ण सुधारेपर्यंत वाट बघितली नाही. पेत्र तरी कुठं पूर्ण सुधारला? अंत्युखियात तो लोकांना भिऊन परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला आणि पौलानं त्याला तोंडावर बोल लावला. आपल्या नगरचे रेव्हरंड टिळक घ्या. 1895 साली बाप्तिस्मा झाला, म्हणून तापट स्वभाव गेला नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त तो झाकलेला नाही. तरी त्यांची पदं आम्ही आजही उपासनेत गातो.

मग रोज पडावं आणि रोज माफी मागावी, असं का? तसंही नाही. माळ्यानं एक वर्ष मागितलंय, दहा नाही. शिवाय देवानं माफ केलं म्हणून ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई होत नाही. जक्कयानं लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. शेजाऱ्याच्या बायकोचा दुधाचा पगार दारूत जायचा. मी त्याला म्हणालो, "तू देवळात ये, आणि तो पगार आधी तिच्या हातात दे." आता पगार तीच घेते. तो अधूनमधून घसरतो. घसरला तरी पुढच्या रविवारी मागच्या बाकावर असतो.

जे लाजेनं लांब बसलेत त्यांना एवढंच सांगणं आहे. फळ लागल्यावर येईन म्हणाल तर कधीच येणार नाही, कारण खणल्याशिवाय फळ लागत नाही. आहे तसे या आणि माळ्याला खणू द्या. वर्ष अजून संपलेलं नाही.