जोडणीचा खर्च कोणाच्या खाती

नव्या घराचा हिशेब मांडताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, वीजमीटर, गॅसजोडणी, सोसायटीची आगाऊ देखभाल असे आकडे एकाखाली एक कागदावर येतात. फोन-इंटरनेटची जोडणी त्या यादीत सहसा नसते, कारण ती आता मोफत मिळते असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते हा खर्च मिटलेला नाही. तो घर घेणाऱ्याच्या नजरेआड गेला आहे, आणि नजरेआड गेल्यामुळेच तो जास्त जाचक झाला आहे.

एके काळी तो अगदी डोळ्यांसमोर होता. १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले, तेव्हा देशात सुमारे ८० लाख दूरध्वनी होते आणि सुमारे २५ लाख अर्जदार प्रतीक्षायादीत होते. शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता. अशा टंचाईत ‘ओन युवर टेलिफोन’ म्हणजे ‘ओवायटी’सारख्या योजनेत हजारो रुपये आगाऊ भरणाऱ्यांची रांग वेगळी आणि साध्या अर्जदाराची वेगळी असे. त्याखेरीज खासदारांच्या शिफारशीचा कोटा होताच. घर बदलले की फोन नव्या पत्त्यावर नेण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा वाट पाहणे. ती व्यवस्था अन्यायाची होती यात शंका नाही. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही, त्याला ती वर्षानुवर्षे ताटकळत ठेवी. पण भरलेल्या पैशाची पावती मिळत होती, दर छापील होता आणि जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. पुढे १९९९ च्या धोरणानंतर स्पर्धा वाढली, मोबाइल स्वस्त झाला, रांगा ओसरल्या. त्याबरोबर जोडणीच्या खर्चाची चर्चाही थांबली. ती थांबायला नको होती.

कारण तार घरापर्यंत आणण्याचे काम आजही तेवढेच खरे आहे. रस्ता खोदायचा तर पालिकेची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क लागते. ते टाळण्यासाठी केबल खांबांवरून आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टाकली जाते. इमारतीत ती शाफ्टमधून किंवा डक्टमधून प्रत्येक मजल्यावर चढवायची असते. डक्ट ठेवलेला नसेल, तर नुकत्याच रंगवलेल्या जिन्याच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली काळी केबल वर जाते आणि नव्या कोऱ्या खिडकीच्या चौकटीला भोक पाडून घरात शिरते. दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली की दुसरे भोक. शेवटचा हा शंभरएक फुटांचा टप्पा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात संपूर्ण इमारत असते. नव्या गृहप्रकल्पात हा ताबा बिल्डरकडे असतो. निम्म्याहून अधिक घरांची नोंदणी झाल्यावर सोसायटी स्थापन व्हावी असे रेरा कायदा सांगतो, पण तारांचे करार त्याआधीच होऊ शकतात. म्हणजे ज्यांनी पुढची वीस-तीस वर्षे पैसे भरायचे, ते लोक करार होताना एक संस्था म्हणून अस्तित्वातच नसतात. एखाद्या कंपनीला एकटीलाच आत प्रवेश मिळाला, तर तिला जोडणीचे पैसे मागण्याची गरज उरत नाही. ते मासिक दरातून आणि ढिल्या सेवेतून वसूल होतात. बिघाड चार दिवस सुधारला नाही तरी ग्राहक जाणार कुठे?

याचा सर्वांत मोठा फटका भाडेकरूला बसतो, आणि त्याचा विचार कोणी करत नाही. पुण्या-मुंबईत लीव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. अनेक कंपन्यांची ‘मोफत जोडणी’ सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असते. महिन्यामहिन्याने भरणाऱ्याला हजाराच्या आसपास जोडणी शुल्क द्यावे लागते. वर्षाचे भरले तर शेवटचा महिना वाया, महिन्याचे भरले तर प्रत्येक नव्या घरात शुल्क नव्याने. ज्याचे बूड स्थिर आहे त्याला सवलत आणि ज्याला नोकरीपायी दरवर्षी बिऱ्हाड हलवावे लागते त्याच्यावर बोजा, ही ओवायटीच्या काळातलीच विषमता आहे.

यावर म्हटले जाते की आता मोबाइल आहे, तारेची गरजच काय? पण काँक्रीटच्या भिंतींआड आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नल क्षीण होतो हा रोजचा अनुभव आहे. मुलांचा ऑनलाइन वर्ग, घरून चालणारे काम, वृद्धांचे डॉक्टरांशी व्हिडिओवर होणारे बोलणे, हे सगळे एकाच वेळी चालवायचे तर तार लागतेच. गच्चीवर अँटेना बसवून बिनतारी इंटरनेट देणाऱ्या नव्या सेवेलाही गच्चीची परवानगी हवी आणि तिथून घरापर्यंत केबल हवी. वाट पुन्हा त्याच शाफ्टमधून जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपनीने पैसा घालून इमारतीत जाळे उभारले, मग ते तिने इतरांना का वापरू द्यावे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच ते जाळे कंपनीने उभारू नये असे मला वाटते. डक्ट, शाफ्ट आणि उपकरणांची छोटी खोली ही जिना आणि पाण्याची टाकी यांच्यासारखीच इमारतीचा भाग मानावी, बांधकामाच्या खर्चात धरावी, आणि तिची मालकी सोसायटीकडे जावी. घराची किंमत त्याने थोडी वाढेल. पण भिंती उभ्या राहण्यापूर्वी पाइप टाकणे आणि राहत्या इमारतीत भिंती फोडणे यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ च्या डिसेंबरअखेरीपासून नव्या घराला गिगाबिट जोडणीची सोय करणे विकासकावर बंधनकारक झाले आणि त्यासाठी दर घरामागे २,००० पौंडांची कमाल मर्यादा ठरली. अमेरिकेत तर इमारतीवर एकाच कंपनीचा मक्ता ठेवणाऱ्या करारांवर २००८ मध्येच बंदी आली.

आपल्याकडेही विचार झाला नाही असे नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१७ मध्ये इमारतींत सर्व कंपन्यांना समान प्रवेश मिळावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने नमुना बांधकाम नियमांत सामायिक दूरसंचार सुविधांची भर घातली. २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना जोडणीच्या दर्जानुसार तारे देण्याची पद्धत आणली. परंतु नमुना नियम हा राज्यांना दिलेला सल्ला असतो आणि तारांकन ऐच्छिक आहे. ज्याची इमारत मुळात चांगली आहे, तोच तारे मागायला जाईल. अग्निशमनाची व्यवस्था पाहिल्याशिवाय जसे भोगवटा प्रमाणपत्र दिले जात नाही, तसे डक्ट सर्वांना खुला आहे का हे पाहिल्याशिवायही देऊ नये.

कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज सगळ्यांनाच नाही. मुंबईत आणि पुण्यात पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या सोसायट्यांकडे नव्या प्रकल्पातल्या ग्राहकांकडे नसलेली एक ताकद आहे: करार होताना त्या अस्तित्वात असतात. चटईक्षेत्र, कॉर्पस फंड, तात्पुरत्या घराचे भाडे यांवर महिनोन्‌महिने वाटाघाटी होतात. त्याच विकास करारात डक्टची मालकी सोसायटीची राहील आणि कोणत्याही एका कंपनीला एकट्याने प्रवेश दिला जाणार नाही, अशी दोन वाक्ये आजच लिहून घेता येतात.