पोकळ वासा

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मित्राची बोट ट्रेलरवरून कसारा घाट चढते आणि नाशिकला येते. समुद्रावर राबणारी बोट पावसाळ्यात घाटावर मुक्कामाला येते हे ऐकून लोक हसतात. कारण साधं आहे. मित्र मूळचा नाशिकचा, आणि सातपूरला त्याच्या वडिलांची जॉबवर्कची शेड रिकामी पडली आहे. कोकणातल्या पावसात फायबरचं काम उघड्यावर होत नाही, रेझिन नीट धरत नाही. इथं डोक्यावर पक्कं छप्पर आहे, वेल्डर हाकेच्या अंतरावर आहे आणि राहायला घर आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे धंदे बंदच असतात. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. म्हणजे बोटीला जे काही करायचं, ते याच दिवसांत.

ही बोट वेकबोर्डिंगची. बोटीच्या मागे वीसेक मीटरचा दोर, दोर धरून पायाला फळी बांधलेला माणूस, आणि बोटीनं मागे उठवलेल्या लाटेवरून त्यानं घ्यायची उडी, असा हा खेळ. साधारण बोट जितकी कमी लाट उठवेल तितकी चांगली. हिचं उलट आहे. हिची लाट जितकी मोठी, तितकं गिऱ्हाईक खूश. बोट पंचवीस वर्षांची, आणि मित्र तिचा तिसरा मालक.

गेल्या पावसाळ्यात त्यानं यादी केली होती. दोर उंचावर बांधायला पाइपाची कमान, नवी गादी, स्पीकर, नवा रंग, आणि लाट मोठी करण्यासाठी पाणी भरायच्या तीन मोठ्या पिशव्या. बोटीत पाणी भरलं की ती जड होते, खोल बसते आणि मागे मोठी लाट सोडते. पैसे जेमतेम तेवढ्या यादीपुरते होते.

शेजारचे एक काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी चहाला शेडमध्ये येतात. त्यांनी ती यादी वाचली, खिशातून नाणं काढलं आणि बोटीच्या तळावर ठोकत पुढून मागं गेले. टक, टक, टक. इंजिनाजवळ आवाज बदलला, भद्द झाला. काका काही बोलले नाहीत. नाणं खिशात टाकून चहा प्यायले. जाताना एवढंच म्हणाले, "खालचे वासे बघून घे रे एकदा."

तेव्हाच्या फायबरच्या बोटी पुष्कळदा अशाच बांधत. वरून फायबर, आणि तळाखाली बोटीच्या लांबीला टाकलेले लाकडी वासे, तेही फायबरमध्ये गुंडाळलेले. इंजिन याच वाशांवर बोल्टनं बसवलेलं असतं. कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट सापडत नाही. लाकूड आतल्या आत कुजत जातं. फायबरचं कवच मात्र आपला आकार सोडत नाही, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. बोल्टची पकड ढिली होते, इंजिन केसभर सरकतं, पंख्याचा दांडा वाकडा चालू लागतो, आणि दांडा तळातून जिथं बाहेर पडतो तिथून पाणी आत येऊ लागतं. "बडा घर पोकळ वासा" ही म्हण आपण माणसांना लावतो. मी ती पहिल्यांदा जशीच्या तशी पाहिली. मित्रानं ड्रिलनं भोक पाडलं, तेव्हा भुशाऐवजी चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला लगदा बाहेर आला.

प्रश्न इथून सुरू होतो. वासे बदलायचे तर वरचा सगळा तळ कापायचा, इंजिन उचलायचं, आणि यादीतले जवळपास सगळे पैसे त्यातच संपायचे. काम झाल्यावर बोट होती तशीच दिसणार. तोच विटका रंग, तीच फाटकी गादी. याउलट भोक बुजवून कमान, स्पीकर आणि रंग केला, तर बोट नवी दिसणार आणि हंगाम बरा जाणार. आणि वासे कदाचित अजून दोन-तीन वर्षं टिकलेही असते. कुजलेलं लाकूड कधी मोडेल हे कोण सांगणार?

जुन्या बोटीबद्दलचा तत्त्वज्ञानातला प्रसिद्ध प्रश्न वेगळा आहे. थीसिअसचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की ती काढून नवी बसवायचे. प्लुटार्क सांगतो की तत्त्वज्ञांना वादासाठी हा एक दाखलाच मिळाला: सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच राहिलं की दुसरं झालं? कॉलेजात मीही या वादात हिरिरीनं बोललो होतो. पण सातपूरच्या शेडमध्ये तो लगदा हातात घेतल्यावर त्या गोष्टीतला दुसरा तपशील मोठा वाटू लागला. अथेन्सकरांच्या समजुतीप्रमाणे ते थीसिअसचंच जहाज होतं आणि ते नुसतं बघायला ठेवलेलं नव्हतं. दर वर्षी ते डेलॉस बेटाच्या यात्रेला जायचं. ते परत येईपर्यंत शहरात कुणाला देहदंड द्यायचा नाही असा नियम होता, आणि म्हणूनच सॉक्रेटिसला विषाचा पेला उशिरा मिळाला, असं प्लेटोनं लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्या जहाजात माणसं बसत होती. जहाज तेच की दुसरं, हा काठावरच्या माणसाचा प्रश्न. आत बसलेल्याचा प्रश्न एवढाच असणार की फळी बदलणाऱ्यानं ती नीट बदलली का.

कोकणातले कोळी हा प्रश्न पिढ्यानपिढ्या वेगळ्या तऱ्हेनं सोडवत आले आहेत. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढायची, तळ खरवडायचा, फटींत कापूस ठासायचा, कुजकी फळी बदलायची, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मग पाण्यात उतरायचं. तिथं दोन गोष्टी दुरुस्ती करणाऱ्याला प्रामाणिक ठेवतात. एक, उघडं लाकूड आपलं दुखणं लपवत नाही. दुसरी, ज्यानं कापूस ठासला तोच किंवा त्याचाच मुलगा त्या होडीतून जाणार असतो. कामचुकारपणा केला तर त्याची शिक्षा घरातच मिळते.

मित्राच्या बोटीत या दोन्ही गोष्टी नाहीत. फायबर कुजका वासा झाकून ठेवतं. आणि बोटीत बसणार असतो तो पुण्याहून शनिवार-रविवारसाठी आलेला कुणीतरी, पोरांना घेऊन. त्याला नाणं ठोकून बघता येत नाही. त्याला दिसतो तो रंग. जिथं दुरुस्ती करणारा आणि धोका पत्करणारा यांची फारकत होते, तिथं नीतीचा प्रश्न येतो. ती फारकत नसती तर भीतीवर काम भागलं असतं.

मित्राची बाजू लंगडी नव्हती. तो म्हणाला, "अरे, मी काय चोरी करतोय का? गिऱ्हाईक रंगाचेच पैसे देतं. वाशांचे कोण देतं? धंदा बसला तर पाच पोरं घरी बसतील. आणि ही बोट मोडीत काढली तर फायबर कुठं जाणार? खाडीकाठी पडून राहणार वर्षानुवर्षं." हे सगळं खरं आहे. जुनी वस्तू टाकून नवी घेणं हे काही आपोआप पुण्य नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराला नव्या बांधकामाहून मोठं मानतात, आणि मला ते पटतं. पण मी एक हिशेब केला. पाण्याच्या तीन पिशव्या, प्रत्येकी दोनशे लिटरच्या. म्हणजे सहाशे किलो, जवळपास साडेआठ माणसं. बोटीवरच्या पाटीत लिहिलं आहे: माणसं दहा. पिशव्या भरल्यावर त्या कुजक्या वाशांवर जवळजवळ दुप्पट ओझं येणार, आणि त्यातली निम्मी माणसं पाण्याची असल्यामुळे कुणी मोजणार नाही. डागडुजी, दुरुस्ती आणि सुधारणा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. इथं त्यांची दिशाच वेगळी होती. दुरुस्ती वाशांची ताकद परत आणणार होती. सुधारणा त्याच वाशांकडून आणखी काम मागणार होती.

मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. "तुझी मुलगी बसवशील का या बोटीत?" तो लगेच म्हणाला, "बसवतोच की. मागच्या हंगामात रोज बसली." आणि ते खरं होतं. ही कसोटी आपण फार सहज वापरतो, पण ती कच्ची आहे. सवयीच्या धोक्यात माणूस स्वतःच्या पोरालाही बिनधास्त बसवतो. स्कूटरवर पुढं उभं केलेलं मूल आपण रोज बघतो. माझं माणूस मी बसवतो, यावरून माझा आत्मविश्वास कळतो. वाशाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पुढे काकांशी बोलताना मला दुसरी कसोटी सापडली. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी सुरू झाला. नाशिकच्या कितीतरी घरांत तिथं नोकरी केलेलं एखादं माणूस सापडतं. विमान ओव्हरहॉलला आलं की ते पूर्ण उघडायचं, सुटा भाग तपासायचा, आणि काय केलं ते कागदावर यायचं. काका म्हणाले, "उघडणाऱ्याची सही वेगळी, तपासणाऱ्याची वेगळी. सही म्हणजे शिक्षा नव्हे रे. उद्या कुणी विचारलं तर उत्तर देणारा माणूस सापडला पाहिजे, एवढंच." साठच्या दशकात हवाई दलात आलेलं मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. त्या विमानाचे अपघातही देशानं पाहिले. उघडून तपासलं की धोका संपतो असं नाही. पण जुनं यंत्र चालवायचा हक्क मिळतो तो प्रेमामुळे किंवा भावनेमुळे नव्हे, ते उघडून बघण्याची तयारी असल्यामुळे, हे मला तिथं कळलं.

तर कसोटी ही: जे केलं आणि जे केलं नाही, ते लिहून तिकीट फाडतात त्या टेबलावर लावता येईल का? "इंजिनाखालचा वासा कुजला आहे, आम्ही भोक बुजवून रंग दिला आहे." ही पाटी लावून धंदा होणार नसेल, तर पाटी न लावता होणारा धंदा हा गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालला आहे. त्यानं पैसे दिले, पण संमती दिली नाही. संमती द्यायला आधी माहिती लागते.

शिवाय बोटीच्या बाहेरचीही माणसं असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीदरम्यान ताबा सुटून गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. दहाहून अधिक माणसं गेली. त्या प्रवाशांचा त्या इंजिनाशी काहीही संबंध नव्हता. बोट किंवा तिचं इंजिन माझं असेल, पाणी माझं नाही. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी कुठं आणि कुणाच्या आसपास मारायची, हाही दुरुस्तीचाच भाग धरायला हवा.

मित्राला मी हे इतक्या वाक्यांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला शेडबाहेर काढलं असतं. त्यानं दोन दिवस बोटीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वेल्डरकडून चेनपुली आणली आणि इंजिन उचललं. तळ कापला. उजवा वासा बोटानं उकरून निघत होता. डावा बराचसा धड होता. दोन्ही वाशांमधला फोम पाणी पिऊन इतका जड झाला होता की दोघांनी मिळून एकेक तुकडा काढावा लागला. बोट एवढी जड का चालते याचं उत्तर त्याला इतक्या वर्षांनी मिळालं. पिशव्यांची ऑर्डर त्यानं रद्द केली. स्पीकर राहिले. कमान राहिली. रंगाचा एक डबा तेवढा आला.

ऑगस्टच्या शेवटी पैसे संपले. डाव्या वाशाचा मागचा तीन फूट भाग टाकीखाली होता, आणि टाकी काढायची तर आणखी पंधरा दिवस हवे होते. ठोकल्यावर आवाज टणक येत होता. तिथं तो थांबला.

हे बरोबर झालं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्याच कसोटीप्रमाणे पूर्ण उघडल्याशिवाय बोट पाण्यात जायला नको होती. पण मग पाच पोरांचा हंगाम बुडाला असता, तोही टणक वाजणाऱ्या तीन फुटांसाठी. शंभर टक्के खात्रीची अट घातली तर जगातली एकही होडी किनारा सोडणार नाही. आणि ती अट अजिबात घातली नाही, तर लगद्यावर रंग मारून बोट पाण्यात जाईल. या दोन टोकांच्या मध्ये कुठं थांबायचं हे कुठलंच सूत्र सांगत नाही. थांबलो कुठं, एवढं मात्र प्रत्येकाला सांगता येतं.

सप्टेंबरात बोट घाट उतरून गेली. निघण्याआधी काकांनी त्याला दोनशे पानी वही आणून दिली. पहिल्या पानावर मित्राच्या किरट्या अक्षरात कामांची यादी आहे: उजवा वासा पूर्ण नवीन, फोम काढला, इंजिनाचे बोल्ट नवे, पहिली फेरी सकाळी सहाला, मी एकटा, जॅकेट घालून. त्याखाली लिहिलं आहे: 'डावा वासा, मागचे तीन फूट उघडले नाहीत. माणसं दहाऐवजी सहा. पुढच्या जूनमध्ये टाकी काढणे.' प्रत्येक ओळीपुढं त्याची सही आहे. या ओळीपुढंही आहे.