जिवतीच्या कागदावरचं म्हातारपण

श्रावणातल्या एका शुक्रवारी आजीने आईला विचारलं, "माझ्या नावाच्या अक्षदा अजून कोण टाकतंय गं?"

आई पुरण वाटत होती. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. आजी चौऱ्याऐंशीची आहे, गुडघे गेलेत, एका डोळ्याने दिसत नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखादी जुनी वर्गणी बंद करायची राहून गेली असावी, तसं ती विचारत होती.

ज्यांच्या घरी जिवती नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावण लागला की आमच्याकडे देवाजवळच्या भिंतीवर एक छापील कागद लागतो. त्यात चार चित्रं असतात. खांबातून निघालेला नरसिंह आणि प्रल्हाद, कालियाच्या फण्यावर कृष्ण, अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या जरा आणि जिवंतिका, आणि हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती. आघाडा-दुर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, दूध-फुटाणे. शुक्रवारी आई मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षदा टाकते. मी पुण्यात नोकरीला लागल्यापासून माझ्या वाटच्या अक्षदा अंगणात पडतात आणि कोंबड्या खातात.

यंदा आई बाजारातून कागद आणायला विसरली. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मी शिरूरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, तोही ब्लॅक अँड व्हाइट. आजीने तो डोळ्याजवळ धरून बघितला आणि म्हणाली, "चालतंय. ओळखू येत्यात."

मला हे भारी वाटलं. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली चित्रशाळा काढली, राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तेव्हा रंगीत चित्र छापायचं म्हणजे दगडावर तेलकट खडूने काढायचं आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरायचा. दगड जरासा सरकला की देवीचं कुंकू कपाळाबाहेर. तरी अशा छापखान्यांमुळेच देव सामान्य माणसाच्या भिंतीवर आले. आजीने लिथोपासून लेझरपर्यंतचा हा प्रवास एका "चालतंय"मध्ये मिटवला.

त्या रात्री जरा स्पष्ट चित्र मिळतंय का बघताना मी भरकटत अमेरिकेत पोहोचलो. करियर अँड आइव्हज या न्यूयॉर्कच्या छापखान्याने १८६८ मध्ये चार लिथोग्राफ काढले होते, 'आयुष्याचे चार ऋतू'. बालपण आनंदाचा ऋतू, तारुण्य प्रेमाचा, मध्यमवय बळाचा, म्हातारपण विश्रांतीचा. तेही स्वस्त, घरच्या भिंतीसाठीच छापलेले. चित्रं गोड आहेत, पण माझा त्यांच्याशी वाद आहे.

एक तर ते ऋतू आमच्याकडे लागूच पडत नाहीत. शिरूर-दौंडचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कवितेतला हिरवागार श्रावण आमच्याकडे कित्येकदा कोरडाच जातो. उलट घोड आणि भीमेच्या काठचा ऊस मे महिन्यातही हिरवा असतो, त्यामुळे बाहेर बघून महिना ओळखता येत नाही. चैत्रात पालवी फुटते ती डोकं फिरवणाऱ्या उन्हात. आणि थंडी म्हणजे विश्रांती? थंडीत ज्वारी दाण्यात येते, हुरडा भाजतात, पाहुणे येतात. वर्षातला सगळ्यात भरलेला काळ तो. म्हातारपणाला हिवाळा म्हणायचं तर आजीला हुरडा म्हणावं लागेल. (तिला सांगितलं तर शिवी देईल.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या चार चित्रांत म्हातारपण शेवटच्या चौकटीत बसवलंय. तिथे पोहोचलात की पुढे पान नाही. जिवतीच्या कागदावर म्हातारा माणूसच नाही, पण म्हातारपण आहे, आणि तेही तरुण बाईच्या रूपात. जरा म्हणजे वार्धक्य. सभापर्वात जरा राक्षसीची गोष्ट आहे. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल होतं, ते तुकडे बाहेर टाकले जातात, जरा ते उचलून एकत्र आणते आणि मूल रडायला लागतं. तोच जरासंध. पुढे ती राजाला सांगते, की जो मला मुलांसह, तरुण रूपात भिंतीवर रंगवेल त्याच्या घराची भरभराट होईल. आमच्या भिंतीवरची जरा तीच, असं मानतात. म्हणजे छापखाना यायच्या कितीतरी आधीपासून ही बाई भिंतीवर आहे.

मूल राखायला म्हातारपणालाच का बसवावं? मला वाटतं, कारण मागणं तेच आहे. लेकराला आयुष्य दे म्हणजे त्याला म्हातारं होऊ दे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या घरात आहे. आजीला सहा मुलं झाली, त्यातली दोन पाळण्यातच गेली. तिच्या आईने भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातल्या घरात, हिच्यासाठी अक्षदा टाकल्या तेव्हा जरा म्हणजे नशीब होतं. भीती अजूनही पूर्ण गेलेली नाही. उसातला बिबट्या मुलं ओढून नेतो अशा बातम्या आमच्या तालुक्यातून येतात, आणि आई बृहस्पतीच्या वाघाला जरा जास्तच हळद-कुंकू वाहते.

पण आजीच्या बाबतीत मागणं पूर्ण झालं. पणजीला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ज्या मुलीसाठी मागितलं ती आता विचारतेय, की हे बंद कुठे होतं? मागणारी केव्हाच गेली. प्रेमाने मागितलेली गोष्ट ज्याच्यासाठी मागितली त्यालाच जड झाली, तर ती मागणाऱ्याची चूक का? मला तसं म्हणवत नाही. पणजीने वर्षं मागितली होती. त्या वर्षांत आजीसोबत कोण असेल, गुडघे कोण चोळेल, हे तिने मागितलं नाही. बहुधा ते मागायची वेळ येईल असं तिला वाटलंच नसेल. ते काम आमचं होतं. आणि मी महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री येतो, रविवारी दुपारी परत जातो.

शिवाय जिवतीत ओवाळणं खालीच वाहतं, आईकडून मुलांकडे. पाटावर आजीला कुणी बसवत नाही. बसवलं असतं तर मी काय मागितलं असतं? आणखी वर्षं मागितली तर ती माझ्यासाठी होतील, तिच्यासाठी नाही. न मागावीत, तर तोंडातून निघणार कसं?

शेवटच्या शुक्रवारी मी रजा टाकून गेलो. आईने मला ओवाळलं. मग मी ताट घेतलं आणि आजीच्या खाटेजवळ गेलो. आई म्हणाली, "अरे, असं नसतं." आजी म्हणाली, "ओवाळू दे त्याला. पण बाळा, फार मागू नको."

मी काहीच मागितलं नाही. दिवे तिच्या चांगल्या डोळ्यासमोरून तीनदा फिरवले. फुटाणे तिला चावत नाहीत, म्हणून दुधात साखर जास्त घातली. मग आईने मला तेलाची बाटली दिली आणि मी खाटेच्या पायथ्याशी बसलो. डाव्या गुडघ्यापासून सुरू कर, असं आजीने सांगितलं.