अर्थ कळण्याआधीचं ऐकणं

दीड-दोन वर्षांच्या मुलाला मैफलीला न्यावं का? प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. मूल रडेल, किरकिर करेल, शेजारचे श्रोते वळून पाहतील. पण त्याच्या तळाशी एक जुना धार्मिक प्रश्न आहे. ज्याला शब्दाचा अर्थ कळत नाही, देव आणि धर्म ठाऊक नाहीत, त्याने ऐकलेलं भजन हे भजन ठरतं, की नुसता आवाज?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून गाडीतच स्वयंपाक आणि गाडीतच अंथरूण अशी लेकुरवाळ्यांची सहल इथेही कल्पनेपलीकडची राहिलेली नाही. असं कुटुंब कोल्हापूरला आलं, तर हा प्रश्न त्याला पावलोपावली भेटतो. शिये फाट्याकडून पंचगंगा ओलांडली की कसबा बावडा लागतो. इथल्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ त्यांचे दरबार गायक होते. पुढे शहरात शिरलं की १८८३ साली सुरू झालेला गायन समाज देवल क्लब आणि महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली खुलं झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत होरपळलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळत्या रंगमंदिरासमोर कोल्हापूरकर ढसाढसा रडले.

पोराबाळांसह बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणं या मुलखाला नवं नाही. संगीत नाटक कंपन्या तशाच जगल्या. गायक-नट केशवराव बालवयातच रंगभूमीवर आले आणि १९०८ साली हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीच्या वातावरणात लता मंगेशकरांच्या बालपणाची पहिली वर्षं गेली. तालमी चालू असताना कंपनीतल्या मुलांना कुणी राग समजावून सांगत बसत नसे. सूर आधी आला, त्याचं नाव मागाहून.

याबाबत सर्वांत स्पष्ट साक्ष आहे ती आपल्याच भूमीवर लिहिल्या गेलेल्या ग्रंथाची. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी हिशेबाचा मोठा अधिकार सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. गाण्याचा महिमा सांगताना तो विद्वान श्रोत्यांवर थांबत नाही. जगातल्या कुठल्याच सुखाची चव अजून न घेतलेलं, पाळण्यात रडणारं बाळ गीत ऐकून हर्षाने भरून जातं, असं तो म्हणतो. इतकंच नव्हे, स्वरांची चर्चा करण्यापूर्वी तो गर्भात देह कसा घडतो याचं सविस्तर वर्णन करतो, कारण नाद उमटतो तो या देहात. गाण्याचा विचार त्याने गर्भापासून सुरू केला.

भागवतातला प्रल्हादही आईच्या पोटात असतानाच नारदांचा उपदेश ऐकतो. त्याच प्रल्हादाच्या तोंडी पुढे नवविधा भक्ती येते आणि तिची पहिली पायरी असते श्रवण. घराघरांतले आचारही हेच सांगतात. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, बायका पाळणा म्हणतात. मुसलमान घरात नवजात बाळाच्या कानात अजान दिली जाते. दोन्ही घरांत बाळाला त्यातलं अक्षरही कळत नाही, तरी वडीलधारी माणसं हा विधी मनापासून करतात.

विज्ञानानेही या श्रद्धेला बळ दिलं आहे. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या डीकॅस्पर आणि फायफर यांच्या प्रयोगात, तीन दिवसांच्या आतली बाळं आईचाच आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलत असल्याचं दिसलं. २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांना आढळलं, की झोपलेल्या नवजात बाळाच्या मेंदूलाही ठेक्यातली चुकलेली मुख्य मात्रा जाणवते. तेव्हा मूल निव्वळ आवाज झेलत नाही. ते निवडतं, वाट पाहतं.

एवढ्यावरून त्याला भक्त म्हणायचं का? इथे समर्थ रामदासांची कसोटी लावायला हवी. दासबोधातल्या श्रवणभक्तीच्या समासात ते नाना विषय ऐकायला सांगतात, पण सार घ्यावं आणि असार टाकावं, ही अट घालतात. ओढ मुलाजवळ असते, सारासार विवेक नसतो. म्हणून त्याच्या श्रवणभक्तीतला निम्मा वाटा आईबापांचा. त्याच्या कानावर काय पडावं, किती पडावं आणि कुठे थांबावं, हे त्यांनी ठरवायचं असतं.

काय पडावं, याला कोल्हापूरचं उत्तर भरघोस आहे. अल्लादिया खाँ मुसलमान होते आणि आपली परंपरा नाथ विश्वंभर व स्वामी हरिदासांपर्यंत नेत असत. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी लहानपणापासून शिकल्या. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आधी भूर्जींचे बंधू मंजी खाँ यांचे आणि नंतर भूर्जी खाँचे शिष्य झाले. पलीकडे मिरजेत मीरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँ विसावले आहेत आणि तिथल्या उरुसात गवई हजेरी लावतात. या शहरांत मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडणारा षड्ज कुठल्याही एका धर्माची पाटी लावून येत नाही. पाट्या पुढे शिकवल्या जातात. त्याआधीची ही दोन-तीन वर्षं पवित्र मानायला हवीत.

किती पडावं, याचं उत्तर मात्र शहराला अजून द्यायचं आहे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर बापाच्या खांद्यावर बसलेलं मूल दिसतं. त्याला उठून दूर जाता येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, पण सभ्यपणाला नियमाची वाट पाहावी लागू नये. देवाच्या नावाने वाजणारा आवाज लेकराच्या कानाला इजा करत असेल, तर तो असार आहे. समर्थांच्या कसोटीवर त्याला दुसरं नाव नाही.

आणि कुणाच्या कानावर पडावं, हा बावड्याचाच आणखी एक विषय. इथे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांच्या बैलगाडीत भांडी, गोधड्या आणि तान्ही मुलं असतात. रात्र कोपीत जाते आणि दिवसा मूल फडाच्या कडेला पडून असतं. कॅराव्हॅनमधल्या बाळाइतकाच त्याचा कान कोवळा आहे आणि शार्ङ्गदेवाने पाळण्यातल्या बाळाबद्दल जे लिहिलं, ते त्यालाही लागू आहे. त्याची आई जी ओवी म्हणत असेल, तीही शहराने ऐकण्याजोगी आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळांनी अक्षरांची सोय करण्याचा प्रयत्न केला. सुरांची सोय करणं कोल्हापूरला अवघड नाही. शहरात गवई आहेत, तंबोरे आहेत, शतकाहून जुन्या संस्था आहेत. येत्या हंगामात त्यांनी एखादी सकाळची बैठक ऊसतोड कामगारांच्या तळावर भरवावी, ध्वनिक्षेपकाविना. आणि सहलीला आलेल्या पाहुण्यांनी आपलं मूल मांडीवर घेऊन तिथेच येऊन बसावं.